पांढरी वात

वर्षाच्या शेवटच्या दिवशी या घरात दोन गोष्टींना उशीर चालत नसे: दुपारच्या मेणाला आणि संध्याकाळच्या, चर्चमधल्या आभाराच्या मिस्सेला. मिस्सेला उशीर झाला तर फादर एकदा नजर उचलून बघायचे आणि विसरून जायचे. मेणाला झाला तर सासूबाई पुढच्या नाताळपर्यंत ऐकवायच्या.

आज जेवणं उरकली, भांडी आवरली, तरी थोरली सून आपल्या खोलीतून बाहेर आली नव्हती.

ती कपाटासमोर जमिनीवर बसली होती. सगळ्यात खालचा खण पूर्ण बाहेर ओढलेला, लग्नातली पांढरी ओढणी मांडीवर, आणि ओढणीखाली असायचं ते मऊ फडकं हातात. फडक्याची घडी जशीच्या तशी होती, पण आत काही नव्हतं. तिनं फडकं झटकलं, ओढणी झटकली, खणाचे कोपरे चाचपले, शेवटी खण पालथा केला. एक बटण आणि डांबराची अर्धी गोळी पडली. मेणबत्ती नव्हती.

या घरात मूल व्हायचं असलं की त्याच्या बाप्तिस्म्याची मेणबत्ती आधीच तयार होई. आईनं वात विणायची, बापानं मेण ओतायचं. मेणबत्त्यांवरच पोट भरणाऱ्या घराला ते शोभूनही दिसे. थोरलीनंही विणली होती, खिडकीपाशी बसून, अवघडलेल्या पोटावर दोऱ्याचं रीळ टेकवून. थोरल्यानं ओतली होती. मग बाळ आलं ते न रडताच आलं. बाप्तिस्मा द्यायला श्वास घेणारं बाळ लागतं, त्यामुळे ती मेणबत्ती पेटलीच नाही. पुढं दुसरं मूल झालं नाही. शेकडो मेणबत्त्यांच्या या घरात न पेटता राहिलेली अशी तेवढी एकच होती, आणि दर वर्षअखेरीला, सगळे मागच्या खोलीत मेणाच्या गडबडीत असताना, थोरली ती बाहेर काढायची, धूळ नसली तरी पुसायची आणि पुन्हा गुंडाळून ठेवायची. हे कुणाला सांगून करायचं काम नव्हतंच.

आणि मग तिला टोपली आठवली.

सकाळी धाकटी जाऊ टोपली घेऊन घरभर फिरली होती. वर्षभर घरात आणि चर्चमध्ये जळून उरलेली थोटकं शेवटच्या दिवशी एकत्र वितळवायची, त्यातून एक मेणबत्ती ओतायची आणि मिस्सेहून परतल्यावर सगळ्यांनी मिळून पेटवायची, ही सासूबाईंच्या सासऱ्यांनी घालून दिलेली रीत. लग्नाचं थोटूक, मयताचं थोटूक, दिवे गेले तेव्हा कपाच्या बुडाला चिकटवलेलं थोटूक, सगळं एकाच पातेल्यात. यंदा गोळा करण्याचं काम पहिल्यांदाच धाकटीकडे आलं होतं. "वहिनी, तुमच्या खोलीत आहेत का काही?" तिनं दारातून विचारलं होतं, आणि थोरली बाहेर पडण्याच्या घाईत म्हणाली होती, "बघ, असतील कुठंतरी."

असतील कुठंतरी! आपणच बोललो. जुनी मेणबत्ती पिवळी पडते, टोकाला वाकते. बघणाऱ्याला ती टाकाऊच वाटणार.

स्वयंपाकघरात सासूबाई खुर्चीत बसून चहाची वाट बघत होत्या. धाकटी ओट्यापाशी उभी होती, एक हात कमरेवर. तिला सातवा महिना चालू होता. नणंद सुट्टीवर घरी आली होती. ती मठात गेल्यापासून सख्खी आईसुद्धा तिला सिस्टर म्हणायची, आणि आपण जन्मापासून म्हणतोय ते आईला आत्ता कळलं, असा भावांचा ठरलेला विनोद होता. सिस्टर कप पुसत होती.

"टोपली कुठं आहे?" थोरलीनं विचारलं.

"गेली की केव्हाच मागं," सासूबाई म्हणाल्या. "मेण पातळ होऊन गाळायलाही घेतलं असेल थोरल्यानं. तू होतीस कुठं? पहिलं थोटूक घालायला थोरली सून असावी लागते, ठाऊक आहे ना?"

थोरलीनं त्यांच्याकडे बघितलंच नाही. "माझ्या कपाटातून काय घेतलंस तू?"

धाकटीच्या हातातला चमचा थांबला. "कपाटातून? मी फक्त खिडकीतली दोन थोटकं घेतली, वहिनी. कपाट उघडलंही नाही."

"मग खालच्या खणातली मेणबत्ती पायानं चालत गेली?"

कुठली मेणबत्ती, हे कुणाला विचारावं लागलं नाही. धाकटीच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. सिस्टरनं कप हळूच खाली ठेवला.

"असं अंगावर जाऊ नकोस तिच्या," सासूबाई म्हणाल्या. "दिवस कसले आहेत तिचे, बघतेस ना?"

"माझेही होते," थोरली म्हणाली.

चहा उकळून वर आला आणि धाकटीनं गडबडीनं गॅस बंद केला. तेवढ्यात धाकटा दीर मिस्सेचा इस्त्रीचा शर्ट हातात घेऊन आत आला, तो वरचं बटण तुटल्याची तक्रार घेऊन. सगळ्यांची तोंडं बघून त्यानं शर्ट पाठीमागे लपवला, जणू त्यानंच काही फोडलं होतं.

"वहिनी," काय झालं ते कळल्यावर तो म्हणाला, "ती नाही म्हणतेय ना? मग नसेल घेतली. तिला साधं खोटं बोलता येत नाही. नाताळची भेटसुद्धा मला आधी सांगून टाकते."

"तू तिची बाजू घेणारच."

"घेणार. नवरा आहे तिचा."

थोरलीला त्याचा राग यायला हवा होता. उलट तिला धाकटीचा हेवा वाटला, आणि त्यानं तिचं डोकं आणखी तापलं.

मग सिस्टर बोलली, ती एकदम आईकडे वळून. "आई, नाताळच्या आधी तू काय म्हणाली होतीस, आठवतं का? ती एक नुसतीच पडून आहे, हिच्या बाळाला चालेल, नवी कशाला ओतायची?"

आता सगळ्यांच्या नजरा खुर्चीकडे गेल्या. सासूबाईंनी पदर सारखा केला. "म्हणाले होते. म्हातारं माणूस, तोंडाला येईल ते बोलतं. पण हात लावला नाही हो मी तिला! माझे गुडघे त्या खालच्या खणापर्यंत पोचतात तरी का?"

"आणि वहिनी," धाकटी म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला, "मी तेव्हाच आईंना नको म्हटलं होतं. ती तुमची आहे, म्हटलं. माझ्या बाळाची मी नवी करीन. सिस्टर होत्या तिथं, विचारा."

सिस्टरनं मान हलवली.

थोरलीला हे ठाऊक नव्हतं. नाताळच्या आधीच्या आगमनकाळात, पहिल्याच आठवड्यात, धाकटी तिच्याकडे सुती दोरा घेऊन आली होती. "वात कशी विणायची, दाखवाल?" आणि थोरलीनं "मग बघू" म्हणून तिला परत पाठवलं होतं. तो दोरा अजून धाकटीच्या शिवणाच्या डब्यात तसाच होता. असं असूनही या मुलीनं आपली पाठ राखली, आणि आपण तिला भर स्वयंपाकघरात चोर ठरवून मोकळ्या झालो! तिला लाज वाटली. पण मेणबत्ती नव्हती ती नव्हतीच. ती मागच्या दारानं बाहेर पडली.

मागची खोली म्हणजे यांचा कारखाना. कारखाना हा शब्द कौतुकाचा. एक लांब खोली, भिंतीला टांगलेले पत्र्याचे साचे, दोन शेगड्या आणि कितीही घासली तरी मेणकटच राहणारी फरशी. नाताळच्या आधी इथं पाय ठेवायला जागा नसे. आता सगळं विकून झालेलं, साचे धुऊन उपडे घातलेले, आणि एका शेगडीवर पाण्याच्या मोठ्या पातेल्यात मेणाचं लहान पातेलं तेवढं होतं. थोरला त्याच्यावर वाकून गाळत होता. मेण कापडातून खाली जायचं आणि वाती वर राहायच्या, काळ्या टोकांच्या, आखूड, कुरळ्या झालेल्या. त्या तो एका जुन्या ताटलीत काढून टाकत होता.

ताटलीच्या शेजारी, कागदावर, एक वात वेगळी ठेवलेली होती. लांब, सरळ केलेली, पांढरीशुभ्र. तिचं टोक कधीच जळलेलं नव्हतं.

थोरलीनं ती उचलली. मेण थंड होऊन वात ताठ झाली होती, तरी पदर मोजता येत होते. चार. या घरात वात तीन पदरांची विणतात. तिनं माहेरच्या सवयीनं चार पदर घेतले होते, आणि तेव्हा थोरला हसून म्हणाला होता, "चार पदरी? बाप्तिस्मा मुलाचा आहे की राजाचा?"

"मी घातली," थोरला म्हणाला. त्यानं मान वर केली नव्हती.

इतका वेळ तिनं धाकटीवर, सासूवर, स्वतःवर संशय घेतला होता. हा माणूस तिच्या मनातही आला नव्हता.

"मला विचारलं नाहीत?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते."

"म्हणून."

"म्हणून? म्हणजे उत्तर आवडणार नसलं की विचारायचंच नाही?" तिचा आवाज चढला नाही. तिचा राग आवाज न चढवताच यायचा आणि थोरल्याला तो जास्त जड जायचा. "माझ्या कपाटात हात घातलात. माझ्या ओढणीखाली."

त्यानं गाळणीचं कापड बाजूला ठेवलं. हात पुसले. मेण लागलेले हात पुसून काही होत नाही, हे त्याला जन्मापासून ठाऊक होतं, तरी तो पुसत राहिला.

"तेरवा निष्पाप बालकांच्या सणाला मिस्सेला आपण दोघंही होतो," तो म्हणाला. "फादर काय म्हणाले, ऐकलंस? येशूच्या जन्मावेळी राजानं मारलेल्या त्या बाळांना बोलता येत नव्हतं. देव कोण, राजा कोण, काही कळत नव्हतं. कुणी त्यांच्या डोक्यावर पाणी घातलं नव्हतं. तरी चर्च त्यांना संत म्हणतं. मी हे दर वर्षी ऐकतो गं. यंदा पहिल्यांदा कानातून आत गेलं. मला वाटलं, आपलंच तेवढं काय म्हणून अंधारात ठेवायचं? घरातली प्रत्येक मेणबत्ती वर्षाच्या मेणबत्तीत जाते. मयताची जाते. मांजर हरवलं होतं तेव्हा शोधायला लावलेलीसुद्धा जाते. आपल्या बाळाचीच खणात पडून."

"खणात ती माझ्याजवळ होती."

"माझ्याजवळ नव्हती," थोरला म्हणाला.

थोरली वर्षानुवर्षं खण उघडत होती आणि लावत होती, तेव्हा हा इथं, या शेगडीपाशी, सगळ्यांच्या गडबडीतही एकटाच उभा असायचा. ओतली त्यानंच होती. बाळाला पुरायलाही तोच गेला होता, ती दवाखान्यात असताना, आणि त्याबद्दल त्यानं एक अक्षर काढलं नव्हतं आणि तिनं विचारलं नव्हतं. दुःख आपलंच आहे, असं धरून चालली होती ती. तिला खूप वाईट वाटलं. राग गेला असं नव्हे. रागाच्या शेजारी येऊन ते बसलं.

"वात का ठेवलीत बाजूला?" तिनं विचारलं.

"बाकीच्या टाकल्या. ही टाकवेना."

ती वात हातात फिरवत राहिली. मग म्हणाली, "आधी आत जा आणि सांगा. ती पोरगी रडतेय माझ्यामुळे. आणि तुमच्यामुळे."

थोरला दचकला. आत काय झालं याचा त्याला पत्ताच नव्हता. गाळताना त्याला जग दिसत नसे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तो तसाच मेणकट हातांनी निघाला आणि स्वयंपाकघराच्या दारात, वर्गात उशिरा पोचलेल्या पोरासारखा उभा राहिला. "मी घेतली होती. कुणी कुणाला बोलू नका."

"हात्तिच्या!" सासूबाई म्हणाल्या. "आणि मी इथं म्हातारपणी चोर!"

"तुला कुणी चोर म्हटलं नाही, आई."

"या तुझ्या बहिणीनं म्हटलं. सिस्टर झाली तरी जीभ तीच."

सिस्टर हसली, धाकटाही हसला, आणि घराला जरा श्वास घेता आला. थोरली सरळ धाकटीसमोर जाऊन उभी राहिली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "तुला नको ते बोलले. मनात त्याहून वाईट आलं होतं, तेही चुकलंच."

"असू दे हो, वहिनी."

"नको असू दे म्हणूस. रागाव थोडी. मला बरं वाटेल."

धाकटीनं नाक ओढलं. "रागावलेच आहे," ती म्हणाली. "उद्यापर्यंत राहीन."

"राहा. पण आत्ता माझ्याबरोबर मागं चल. मला तुझे हात हवेत."

मागच्या खोलीत थोरलीनं ती पांढरी वात नवऱ्यापुढं धरली. "यंदा ही घाला."

त्यानं वात बघितली, साचा बघितला. वर्षाची मेणबत्ती नेहमी जाडजूड असायची, दोन्ही हातांत मावेल न मावेल अशी. "बारीक पडेल गं. एवढ्या मेणाला ही वात पुरायची नाही. मधोमध खड्डा पडेल आणि आपल्याच मेणात बुडून विझेल."

"मग साचा बारीक घ्या."

"आणि उरलेलं मेण?"

"राहील पातेल्यात. पुढच्या वर्षी आहेच की."

थोरल्यानं भिंतीवरून सगळ्यात अरुंद साचा काढला, बाप्तिस्म्याच्या मेणबत्तीचा. वात साच्यातून खाली ओवली, बुडाला गाठ मारली, आणि वरचं टोक आडव्या काडीला गुंडाळून धाकटीच्या हातात दिलं. थोरलीनं तिच्या बोटांवर आपली बोटं ठेवली.

"ताण सुटू द्यायचा नाही," ती म्हणाली. "सुटला की वात एका अंगाला जाते. आणि तुझी वात विणशील तेव्हा पदर चार घे. यांना हसायचं तेवढं हसू दे."

थोरल्यानं मेण ओतलं. सासूबाई काठी टेकत बघायला आल्या आणि साच्याकडे बघून म्हणाल्या, "हे काय, यंदाचं वर्ष वाळून गेलं की काय?" मग त्यांची नजर वातीकडे गेली. धाकटीच्या कमरेखाली त्यांनी पायानंच एक स्टूल सरकवलं.

संध्याकाळी चर्चमध्ये नाताळच्या मानानं गर्दी निम्मीसुद्धा नव्हती. गोठ्यातलं गवत आठवड्यात विस्कटलं होतं, एक मेंढरू आडवं पडलं होतं, आणि बाळ येशू मात्र पहिल्या दिवसाइतकाच टवटवीत होता. फादरांनी शुभवर्तमान वाचलं. मेंढपाळ आले, बघून गेले, आणि मरियेनं त्या सगळ्या गोष्टी आपल्या अंतःकरणात ठेवल्या. ही ओळ थोरलीची आवडती होती. ती आपल्यासाठीच लिहिलीय असं तिला वाटायचं. आज ती ऐकताना तिच्या मनात भलतंच आलं. ठेवल्या ते ठीक, पण नवऱ्याला, योसेफाला, त्यातलं काही कधी सांगितलं का तिनं? फादरांनी ते वाचलं नाही. तिनं शेजारी बघितलं. थोरला डोळे मिटून बसला होता, आणि त्याच्या नखांत मेण अडकलेलं होतं. आभाराचं गीत सुरू झालं तेव्हा ती त्याच्याबरोबर उभी राहिली आणि आपल्या पुस्तकात त्यालाही बघू दिलं. त्याला गाणं पाठ होतं, तरी तो पुस्तकात बघून गायला.

घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर मेणबत्ती ठेवली. सडपातळ, किंचित पिवळसर, वर चार पदरांचं पांढरं टोक. पेटवायचा मान सासूबाईंचा. त्यांनी काडी ओढली आणि थोरलीच्या हातात दिली.

वात लगेच धरेना. एकदा तडतडली, ज्योत निळी होऊन खाली बसली, आणि धाकट्यानं श्वास रोखला. मग ती हळूहळू वर आली आणि सरळ उभी राहिली.

सासूबाईंनी क्रूसाची खूण केली आणि गेलेल्यांची नावं घ्यायला सुरुवात केली. सासरे, सासू, नवरा, पाण्यात गेलेला दीर. दर वर्षी तीच नावं, त्याच क्रमानं, आणि प्रत्येक नावानंतर सगळ्यांनी म्हणायचं, "प्रभो, त्यांना चिरंतन शांती दे." बाप्तिस्मा न झालेल्याचं नाव यात घेत नाहीत, असं त्यांना लहानपणी कुणीतरी शिकवलं होतं आणि त्या ते पाळत आल्या होत्या. शेवटचं नाव झालं. आता आमेन म्हणायचं. सासूबाई म्हणाल्या नाहीत. त्या ज्योतीकडे बघत राहिल्या.

"काय ठरवलं होतंत गं नाव?" त्यांनी विचारलं.

थोरलीनं तोंड उघडलं, पण तिच्या आधी थोरल्यानं ते नाव घेतलं, न अडखळता, रोज कुणाला तरी हाक मारत असल्यासारखं. त्याला ते आठवत असेल असंही तिला वाटलं नव्हतं.

सासूबाईंनी तेच नाव मोठ्यानं म्हटलं. सगळ्यांनी उत्तर दिलं. सिस्टरचा आवाज मध्येच थांबला, तो धाकटीनं पुरा केला.

"पुढच्या वर्षी मी नसले तर ही नावं तू घ्यायचीस, थोरले," सासूबाई म्हणाल्या. "एकही वगळायचं नाही. आमेन."

रीत अशी की आमेन झालं की मेणबत्ती विझवायची आणि नव्या वर्षात लागेल तशी लावायची. थोरली फुंकर घालायला वाकली. ओठ जवळ नेले, आणि तिला फुंकवेना.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "जळू दे तिला पुरती."

मग थोरल्यानं वरचा दिवा बंद केला, धाकट्यानं ताटं मांडली, आणि सगळे त्या मेणबत्तीभोवतीच जेवायला बसले.